इटालियन वाइनमेकर बोलवायचा, तर त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

मानपूरचा मळेवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण नीट वाचून उत्तर द्या.

मानपूरपासून रतलामपर्यंतच्या पट्ट्यात काही बागायतदार मिळून वाइनच्या द्राक्षाचा विचार चालू आहे. आठ एकर, एकरी पाच टन धरले तर चाळीस टन माल. एका टनाला साधारण 650 लिटर वाइन, म्हणजे 26,000 लिटरची छोटी वाइनरी. बैठकीत दर वेळी एकच मुद्दा निघतो: इटलीहून वाइनमेकर आणा. उदाहरण अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीचं दिलं जातं. तिथली वाइन टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी यांच्या हाताखाली उभी राहिली, सेक्की बंधूंसारखे इटालियन भागीदार आहेत, सांजोवेझे ही टस्कनीची जात माळशिरस तालुक्यात लावून त्याची वाइन बाजारात आली.

ते सगळं ठीक. मला हवंय ते असं: असा माणूस वर्षभर प्रत्यक्षात करतो काय? कुठल्या महिन्यात त्याची गरज, कुठल्या महिन्यात नाही? इटलीतलं इथे काय चालतं आणि काय विसरावं लागतं? शिवाय माळव्याची काळी माती आणि आपली थंडी धरली तर अकलूजचं गणित लागू पडतं का? चवीची वर्णनं कृपया नकोत, ती सराफ्याच्या खाऊगल्लीत पुष्कळ ऐकायला मिळतात. काम सांगा.

---

छाटणीवाला (अकलूज, मूळ रामबाग, इंदूर)

मळेवाले भाऊ, बैठकीतल्या लोकांपुढे आधी कॅलेंडर ठेवा.

टस्कनीत वेल हिवाळ्यात झोपतो. जानेवारी ते मार्च छाटणी, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुरुवातीला फुलोरा, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. वर्षाला एक छाटणी, एक पीक. फ्लॉरेन्स 43 अंश अक्षांशाच्या पुढे आहे, अकलूज 18 च्या आसपास, रतलाम 23. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची फळछाटणी घड काढायला: दोन छाटण्या, एक पीक. इटलीतून आलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. त्याच्या हातात पंचवीस वर्षांचा अनुभव असतो तो एका छाटणीचा.

आता खरी मेख. फळछाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्याच वेळी त्याच्या गावी वेन्देम्मिया, म्हणजे काढणी. खरड छाटणी एप्रिलमध्ये. तेव्हा त्याच्याकडे डोळे फुटत असतात आणि व्हेरोनाचा व्हिनइतालीचा बाजार भरतो. आपली काढणी फेब्रुवारी-मार्चला, तेव्हा तो मोकळा. त्यामुळे जो इटालियन वर्षातून दोनदा विमानाने येतो, तो काढणीला हमखास हजर आणि दोन्ही छाटण्यांना हमखास गैरहजर असतो. द्राक्ष तर छाटणीत ठरतं. बैठकीत हा एक मुद्दा मांडलात तरी निम्मी चर्चा संपेल.

खरड छाटणीनंतर साधारण 35 ते 60 दिवसांत डोळ्यात पुढच्या पिकाचा घड तयार होतो. तेव्हा ऊन लागतं. ढगाळ हवा, जास्त नत्र, जास्त पाणी यांतलं काहीही झालं की घडाऐवजी बाळी (नुसता तंतू) निघते. माळव्यात पाऊस जूनच्या मध्यावर येतो. छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली तर तो काळ मे महिन्याच्या उन्हात जातो. एप्रिलअखेरीला केली तर अर्धा काळ ढगात. तीन आठवड्यांच्या उशिराची किंमत ऑक्टोबरमध्ये कळते, तेव्हा काही करता येत नाही.

सबकेन (काडीवर घेतलेली उपकाडी) करायचं असेल तर काडी सात पानांवर मोडून पुढची बगलफूट घ्यायची, हे आपल्या मजुरांना पाठ आहे. इटालियनला हे शिकवावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

फळछाटणीला डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते औषध डोळ्यांना लावतात, छाटल्यापासून 24 ते 48 तासांच्या आत. 50 टक्क्यांचं औषध लिटरला 30 ते 40 मिली. फक्त जे डोळे फोडायचे तेवढ्यांवरच. इटलीत आज याला परवानगी नाही, त्यामुळे तिकडचा माणूस बाटली बघून भुवया उंचावतो, आणि त्याचं चूक नाही. हे औषध शरीरात दारू पचवणारी क्रिया अडवतं. पेस्टिंग करणाऱ्याने आधी आणि नंतर काही दिवस दारूला शिवायचं नाही: चेहरा लाल होतो, छातीत धडधड, रक्तदाब पडतो, दवाखाना. वाइनमेकर दिवसभर टाकीतून चाखत फिरतो. म्हणून पेस्टिंगच्या दिवसांत त्याला बागेत शिरू द्यायचं नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, हे मजुरांसाठी सक्तीचं.

टेबल द्राक्षाच्या सवयी मोडणं हेही त्याचंच काम. आपल्या लोकांना मणी फुगवायची सवय: जीएचे (जिबरेलिक आम्ल या संजीवकाचे) डोस, गर्डलिंग (सालीचं गोल कडं काढणं), भरपूर पाणी. वाइनच्या द्राक्षाला जीए अजिबात नाही. रंग, टॅनिन, वास सगळं सालीत असतं. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते. 8 बाय 4 फुटांवर एकरी 1,361 वेली बसतात. पाच टन हवेत तर वेलीला पावणेचार किलो, 130-150 ग्रॅमचे 25 ते 28 घड. बाकीचे कापून जमिनीवर टाकायचे, आणि ते मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायच्या आत. कापलेले घड बघून मालकाचा जीव वरखाली होतो. तुलनेसाठी सांगतो: टस्कनीच्या क्यान्ती क्लासिको वाइनच्या नियमात हेक्टरी 7.5 टन ही कमाल आहे, म्हणजे एकरी तीन टन. पाच टन म्हणजे आपण आधीच सवलत घेतली.

शेवटचं, पानं काढणं. टस्कनीत काही जण घडाभोवतीची पानं दोन्ही बाजूंनी काढतात. इथे उत्तर-दक्षिण ओळीत फक्त पूर्वेच्या बाजूची काढा. पश्चिमेची काढली की दुपारी तीनच्या उन्हात सांजोवेझेची पातळ साल भाजून निघते.

---

तळघर (नाशिक)

छाटणीवाल्यांनी बाग घेतली, मी कान्तिना घेतो. इटालियनमध्ये वाइनच्या तळघराला कान्तिना म्हणतात आणि त्यातल्या राबत्या माणसाला कान्तिनिएरे. एनोलोगो, म्हणजे वाइनशास्त्र शिकलेला, हा वेगळा: ती पदवी तिथे 1991 च्या कायद्याने सुरक्षित आहे, शिक्षण असल्याशिवाय लावता येत नाही. बोलावताना विचारा की येणारा दोघांपैकी कोण. उत्तम कान्तिनिएरे तुमच्या 26,000 लिटरला पुरतो, पण पीएच (आंबटपणाचं माप; आकडा वाढला की आंबटपणा कमी) आणि गंधकाचा (वाइन टिकवणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा) हिशेब त्याला स्वतः करता यायला हवा. कोनेल्यानोची शाळा 1876 पासून आहे, सान मिकेले आल्लादिजेची 1874 पासून. अशा ठिकाणचा माणूस असेल तर रसायन पक्कं असतं.

इथल्या रसात अडचण एकच, पण ती सगळीकडे हातपाय पसरते: पीएच. गरम हवेत मॅलिक आम्ल मण्यातच जळून जातं, आणि आपल्या जमिनीतलं पोटॅश वेल भरभरून उचलतो. साखर 24 ब्रिक्सला (रसाच्या वजनात साधारण 24 टक्के) पोचते तेव्हा पीएच 3.8 किंवा वर. टस्कनीचा माणूस 3.3-3.4 ला सरावलेला. त्याच्या हातातला गंधकाचा डोस इथे निम्मासुद्धा काम करत नाही, कारण मेटाबायसल्फाइटचा जो भाग जंतू मारतो तो पीएच वाढला की झपाट्याने घटतो. 0.8 पीपीएम मॉलेक्युलर गंधक (हाच जंतू मारणारा भाग) हवं असेल तर मुक्त गंधक (वाइनमध्ये बांधलं न गेलेलं) पीएच 3.4 ला 32 पीपीएम, 3.6 ला 50, आणि 3.8 ला 79 लागतं. 79 ला वास येतो. म्हणून 3.8 ची वाइन गंधकाने वाचवायची नाही, पीएच आधी खाली आणायचा.

टार्टारिक आम्ल लिटरला 1 ग्रॅम घातलं की पीएच ढोबळमानाने 0.1 ने उतरतो. रस पोटॅशने भरलेला असेल तर तेवढाही उतरत नाही. इथे एक बारकी गोष्ट आहे जी बरेच जण चुकवतात. थंडीत पोटॅशियम बायटार्टरेटचे खडे बसतात तेव्हा पीएच 3.65 च्या खाली असेल तर तो आणखी उतरतो; वर असेल तर उलटा चढतो. म्हणजे 3.75 वर आणून टाकी थंड केली तर आम्लही गेलं आणि पीएचही वाढला. आम्ल आंबवण्याच्या आधी, रसातच, आणि एकदम 3.55-3.6 पर्यंत. नंतर घातलेलं टार्टारिक जिभेवर वेगळं कडक लागतं, एकजीव होत नाही.

क्रशिंगच्या वेळी 50 पीपीएम गंधक म्हणजे 100 लिटरला साधारण 8.8 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कारण त्यात 57 टक्केच गंधक डायऑक्साइड असतो. मागच्या वर्षीचं उघडं पाकीट वापरू नका. ते अर्धं मेलेलं असतं आणि हिशेब कागदावर बरोबर दिसतो.

यीस्ट 100 लिटरला 20-25 ग्रॅम. दहापट पाण्यात 38-40 अंशांना 20 मिनिटं भिजवायचं, मग थोडाथोडा रस घालून दोघांच्या तापमानातला फरक 10 अंशांच्या आत आणायचा. 40 अंशांचं यीस्ट 14 अंशांच्या रसात ओतलं तर निम्मं तिथेच मरतं. आणि आठव्या दिवशी साखर 4 ब्रिक्सवर अडकली की लोक यीस्टच्या कंपनीला शिव्या देतात. नत्र मोजून घ्या: 24 ब्रिक्सला 200 पीपीएमच्या आसपास यीस्टला घेता येईल असं नत्र हवं. लिटरला 100 मिलीग्रॅम डीएपी घातलं की 21 पीपीएम वाढतं. दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता एक तृतीयांश साखर संपल्यावर. अर्धी साखर उरल्यानंतर घातलेलं डीएपी यीस्ट खात नाही, नंतर येणारे बॅक्टेरिया खातात.

लाल वाइनमध्ये इटालियन माणसाची एक सवय मोडावी लागते. तिथे आंबवणं संपल्यावरही साल दोन-तीन आठवडे वाइनमध्ये ठेवतात. आपल्याकडे साखर आधी पिकते आणि बी मागे राहतं. मणी चावून बघा, बी हिरवं आणि तुरट. तेवढा वेळ ठेवलं की बियांचं कडू टॅनिन उतरतं. इथे पाच ते सात दिवसांत प्रेसला. रिमोन्ताज्जो, म्हणजे खालून रस काढून वरच्या सालीच्या थरावर सोडणं, दिवसातून दोन-तीन वेळा आणि ते पहिल्या टप्प्यात. साखर 8 ब्रिक्सच्या खाली गेली की हात आखडता. मधे एकदा पूर्ण रस दुसऱ्या टाकीत काढून तळाचं बी जाळीवर वेगळं करता आलं तर फार फायदा.

मॅलोलॅक्टिकला (बॅक्टेरिया मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात त्या टप्प्याला) 18 ते 22 अंश, मुक्त गंधक 10 पीपीएमच्या खाली. संपलं की नाही ते कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने बघायचं, चवीवर विश्वास नको. संपल्याच्या दिवशीच गंधक. 3.7 पीएचच्या वाइनला मार्चच्या उकाड्यात गंधकाशिवाय दोन आठवडे सोडलं तर ब्रेट हे नको असलेलं यीस्ट येतं: घोड्याच्या तबेल्याचा वास, तोही पिंपाच्या लाकडात शिरतो आणि निघत नाही.

---

मानपूरचा मळेवाला (इंदूर)

दोघांचेही आभार, हौ, हे हवं होतं. दोन शंका. एक, उन्हाळ्यात आमच्याकडे वीज भरवशाची नाही, चिलर किती टनाचा घ्यावा? कंपन्या कोटेशन देतात ते पाच टनांपासून पंचवीस टनांपर्यंत आहे, कशाचा कशाला मेळ नाही. दुसरी, अर्ध्या जमिनीत डॉगरिजचे खुंट आधीच लावलेले आहेत, टेबल द्राक्षासाठी आणलेले. त्यांच्यावर वाइनच्या जातीचं कलम चालेल का?

---

चिलरवाला (बडोदा)

आमच्याकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे वाइनवर बोलायचा अधिकार नाही. थंडीवर आहे.

कोटेशनं वेगवेगळी येतात कारण कोणी तुम्हाला प्रश्न विचारत नाही की माल किती गरम येणार. हिशेब करून बघा. एक 10,000 लिटरची टाकी धरू. रसाचं तापमान एक अंशाने खाली आणायला साधारण 39,000 किलोज्यूल काढावे लागतात. आंबताना एक ब्रिक्स साखर गेली की तापमान सुमारे 1.3 अंश वाढतं. जोरात असताना दिवसाला 4 ब्रिक्स जातात, म्हणजे 5.2 अंश. दिवसभरात दोन लाख किलोज्यूल, चोवीस तासांत विभागले तर 2.3 किलोवॉट. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे 3.5 किलोवॉट. म्हणजे पाऊण टनाच्या आत! भिंतीतून, पाइपातून येणारी उष्णता धरून दुप्पट करा.

आता दुसरी बाजू. तोच माल दुपारी 30 अंशांवर आला आणि तो सहा तासांत 15 वर आणायचाय: 15 गुणिले 39,000 म्हणजे 5,85,000 किलोज्यूल, सहा तासांत 27 किलोवॉट. पावणेआठ टन. आंबवण्याच्या दहापटीहून जास्त. चिलरचा आकार आंबवण्याने ठरत नाही, क्रेट किती वाजता गेटमधून आला यावर ठरतो. पहाटे तीन ते सात काढणी केली आणि माल 15-16 अंशांवर आला तर हा सगळा भार नाहीसा. माळव्याची फेब्रुवारीची रात्र या कामाला अकलूजपेक्षा सरस आहे. हेडलॅम्प लावून काढणीची मजुरी जास्त द्यावी लागेल, पण फरकाच्या पैशात चिलर अर्ध्या आकाराचा येतो.

क्रेट 20 किलोचे, त्याहून मोठे नकोत, खालचा माल फुटतो. फुटला की वाटेतच आंबायला लागतो.

वीज गेली तर? ग्लायकॉलची (चिलरमधल्या न गोठणाऱ्या द्रावणाची) साठवण टाकी मोठी ठेवा, ती वजा 4-5 अंशांवर धरली तर चार तास टाक्या सांभाळते. जनरेटरवर संपूर्ण चिलर चालवू नका, फक्त ग्लायकॉलचा पंप चालवा.

आणि एक गोष्ट, जी सगळ्यात आधी लिहायला हवी होती. एक लिटर रस आंबताना 50 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, तळघरात, गटारात, रिकाम्या टाकीच्या तळाशी साठतो. टाकी उपसून झाल्यावर साल काढायला माणूस आत उतरतो आणि तिथेच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. खालच्या झाकणापासून हवा मारा, ऑक्सिजन मीटर दोरीने आत सोडून 20.9 दिसल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, बाहेर एक माणूस दोर धरून. मेणबत्ती सोडून बघणं ही चाचणी नव्हे. एक्झॉस्ट पंखा जमिनीलगत बसवा, छताला नाही.

---

रतलामी शेव (रतलाम)

डॉगरिजबद्दल: चालेल, पण तळघर यांनी पीएचचं जे रडगाणं सांगितलं त्याचं मूळ बऱ्याच अंशी तोच खुंट आहे. डॉगरिज पोटॅश ओढण्यात पटाईत, वाढ दांडगी. टेबल द्राक्षात ही दांडगी वाढच हवी असते. वाइनला उलट. त्यातून आपल्या काळ्या मातीत खाली चुनखडी लागली की त्याची पानं पिवळी पडू शकतात, शिरा हिरव्या. लोह फवारत बसावं लागतं. नवीन लागवड 110 आर किंवा 1103 पॉल्सन या खुंटांवर करा. चुना फार असेल तर 140 रुग्गेरी. लावलेला डॉगरिज उपटायचाच असेल तर आत्ताच, पाच वर्षांनी उपटवत नाही.

काळ्या मातीत पाणी साचतं हा त्याहून मोठा प्रश्न. अकलूजचा पाऊस आपल्या जवळपास निम्मा. इंदूरला वर्षाला साडेनऊशे ते हजार मिलीमीटर. सपाट रानात लावायचं नाही. दोन-अडीच फूट उंच वरंबे, उताराच्या दिशेने चर, आणि शक्यतो मुरमाड टेकाडाचा तुकडा निवडा. मानपूरच्या घाटाकडे असे तुकडे आहेत. कापूस-सोयाबीनला जी जमीन नाकारली, ती वाइनला आधी बघा. खड्डा चार फूट खणून एक रात्र पाणी भरून ठेवा. सकाळी पाणी उभं दिसलं तर तिथे लावू नका.

जातीबाबत छाटणीवाल्यांशी थोडा मतभेद. अकलूजला सांजोवेझे चालली याचा अर्थ इथे चालेल असा नाही. तिचं आम्ल टिकतं, हा तिचा मोठा गुण, मान्य. पण साल पातळ, घड घट्ट, पिकते उशिरा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-दहा अंश, कधी त्याखाली. मणी वाढायचा थांबतो, काढणी मार्चच्या मध्यावर ढकलली जाते आणि तोवर पारा 35. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत मावठा (हिवाळी पाऊस) आला तर घट्ट घडात पाणी अडकून कूज. इटालियनच जात हवी असेल तर टस्कनी सोडून खाली सिसिलीकडे बघा. निफाडजवळच्या रेव्हेइलोत आंद्रेआ वालेंतिनुझ्झी या इटालियन वाइनमेकरच्या हाताखाली सिसिलीच्या ग्रिल्लो आणि नेरो द'आव्होला या जातींची वाइन झाली. त्या जाती उन्हातच वाढलेल्या आहेत. आणि पैशासाठी आधी शेनिन ब्लाँ, शिराझ लावा. सहा एकर खात्रीचं, दोन एकर हौसेचं.

रोगांत भुरी आणि डाउनी (केवडा) सगळ्यांना माहीत. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळा नुकता फुटताना, आला तर डाउनी घडच खाते. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पण कोवळ्या फुटीवर अर्धा टक्का. चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं द्रावण ओतायचं, उलट नाही. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबं चढलं तर चुना कमी आहे. काढणीच्या आधी महिनाभर तांबं बंद. रसात उतरलेलं तांबं यीस्टला छळतं.

---

कागदपत्रवाला (इंदूर)

कोणी व्हिसाचं बोललं नाही म्हणून लिहितो.

पर्यटक व्हिसावर आलेला इटालियन टाकीला हात लावू शकत नाही. ठरावीक मानधन घेऊन कराराने येणारा सल्लागारसुद्धा रोजगार व्हिसाखालीच येतो. त्याला वार्षिक 16.25 लाख रुपयांची किमान पगाराची अट आहे. अर्ज करताना त्या दिवशीची अट तपासा. मुक्काम 180 दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी. बिल परदेशात पाठवताना कर कापून भरावा लागतो; इटलीशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यासाठी त्याच्याकडून तिथलं कर-रहिवासी प्रमाणपत्र आधी मागवा. पैसे अडकतात ते इथेच. वाइनरीचा परवाना आबकारीचा. पॉलिसी दर वर्षी नवी निघते, मागच्या वर्षीच्या कागदावर प्रकल्प-अहवाल बेतू नका.

करारात "मार्गदर्शन" हा शब्द टाळा. हजेरीचे दिवस महिन्यांसह लिहा. छाटणीवाल्यांचं म्हणणं खरंच आहे, ऑक्टोबरचा शब्द तो देणार नाही, आणि दिला तर पाळणार नाही. फ्रातेल्लीचं उदाहरण देणारे हे विसरतात की तिथे इटालियन लोक भागीदार आहेत. नावाचाच अर्थ "भाऊ". भागीदार राहतो, सल्लागार बिल देऊन जातो. तुमच्याकडे भागीदारीची तयारी नसेल तर वर्षाकाठी तीन मुक्काम लिहून घ्या: जानेवारीत मण्यात पाणी उतरताना आठवडाभर, फेब्रुवारी-मार्चला सलग सहा आठवडे, जुलै-ऑगस्टला मिश्रण ठरवायला आठवडाभर. दोन्ही छाटण्यांना जबाबदार माणूस आपला, त्याचं नावही त्याच करारात. नाहीतर मार्चमध्ये इटालियन म्हणेल द्राक्ष वाईट, बागवाला म्हणेल वाइनमेकर वाईट.

नोंदवही मराठी-हिंदीत ठेवा आणि आकडे इंग्रजी. टाकीवर पाटी: तारीख, ब्रिक्स, तापमान, काय घातलं, किती, कोणी. तो परत गेल्यावर हातात राहतं ते एवढंच.

---

छाटणीवाला (अकलूज, मूळ रामबाग, इंदूर)

रतलामी शेव, सांजोवेझेबद्दल तुमचं म्हणणं माळव्यापुरतं मानतो. मावठ्याचा विचार मी केला नव्हता. तरी एक ओळ लावाच, पन्नास वेली, मुरमाड तुकड्यात. तीन वर्षं बघा, मग ठरवा. येणारा इटालियनही पहिल्यांदा तिकडेच वळेल आणि त्याच्याशी बोलायला काहीतरी राहील.

कागदपत्रवाल्यांच्या तीन मुक्कामांत मी एक बदल करेन. जुलै-ऑगस्टचा आठवडा सप्टेंबरच्या पहिल्या पाच दिवसांत ढकला, त्याची काढणी सुरू व्हायच्या आत. टाकीतलं मिश्रणही ठरेल आणि बागेत काडी बघून कुठल्या डोळ्यावर छाटायचं ते तुमच्या माणसाबरोबर वेलीवर खूण करून जाईल. त्याआधी काड्यांचे नमुने घेऊन डोळे तपासून ठेवा: पाचव्या डोळ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकात घड आहे की नाही, सूक्ष्मदर्शकाखाली. पुण्याला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे याची चौकशी करा.

---

मानपूरचा मळेवाला (इंदूर)

ठरलं. रविवारी पोहे खाऊन सगळे आधी खड्डे खणायला जाणार, चार फुटांचे, सहा ठिकाणी. सोमवारी सकाळी पाणी किती उतरलं ते इथे टाकतो. शेव भाऊ, चुना तपासायला मातीचा नमुना वरच्या एका फुटातला घ्यायचा की खालच्या दोन फुटांतला?

---

रतलामी शेव (रतलाम)

दोन्ही, वेगवेगळ्या पिशव्यांत. वरचा एक फूट एक, एक ते तीन फूट दुसरा. प्रयोगशाळेला "एकूण चुना" नको, "सक्रिय चुना" मागा, आणि पोटॅशही लिहून द्या. खुंट ठरतो तो खालच्या पिशवीवर.